त्रैराशिक मोडते तिथे

काही शब्दांच्या वाट्याला फार मोठे राज्य आलेले असते आणि ते त्यांनी कसलाही गाजावाजा न करता चालविलेले असते. 'त्रैराशिक' हा तसाच एक शब्द. शाळा सुटून तीस वर्षे झालेल्या माणसालाही तो विचारा; गणित विसरलेले असते, पण हा शब्द ओठांवर असतो. पाच रुपयांना इतके तर पंधरा रुपयांना किती? एवढेच काय ते त्रैराशिक. तीन राशी माहीत, चौथी काढायची. पण वाण्याचा हिशेब, गवळ्याचा रतीब, मजुरांची मजुरी, सरकारचा अंदाजपत्रकी खर्च, या सगळ्यांचा गाडा ह्या एका चाकावर चालतो.

इ.स. ११५०च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली. तिच्यात त्रैराशिकाचा जो गौरव आहे तो एखाद्या देवतेला शोभावा असा आहे. नारायणाने जसे सारे विश्व व्यापले आहे तसे गणित त्रैराशिकाने व्यापलेले आहे, असा त्याचा आशय. आचार्यांची ही श्रद्धा आपण आजवर सोडलेली नाही. फरक एवढाच, की त्यांनी ती गणितापुरती ठेवली आणि आपण ती संसाराला लावली.

एक गडी रात्रंदिवस खणून तीस दिवसांत विहीर पुरी करतो. मग तीस गडी एका दिवसात करतील. ७२० गडी एका तासात करतील. आणि ४३,२०० गडी बोलाविले तर एका मिनिटात पाणी लागेल! उत्तर चोख आहे, गुणाकारात चूक नाही. फक्त ४३,२०० माणसे त्या विहिरीत उतरणार कशी, एवढा एक क्षुल्लक प्रश्न शिल्लक राहतो. दिवाळीच्या दिवसांत स्वयंपाकघरात डोकावलात तर हीच गोष्ट अधिक खमंग रीतीने समजते. मंद आचेवर चकलीच्या एका घाण्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात दुप्पट आचेवर घाणा निघत नाही. वरून काळी आणि आतून कच्ची अशी एक वस्तू निघते. तिला चकली म्हणण्याचे धाडस घरातला पुरुषही करीत नाही.

एक शब्द घ्यावा आणि तो नेईल तिकडे त्याच्या मागोमाग जावे, असा या सदराचा परिपाठ आहे. या खेपेला त्रैराशिकाने मला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडले. आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात माझी खुर्ची पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांच्या खुर्चीला लागून आहे. त्यांच्या हातात एक निबंध होता. 'मराठीत याला काय म्हणाल?' म्हणून त्यांनी मथळा पुढे केला. शब्दाला शब्द ठेवून मी सांगितले: 'पातळ चुंबकी पापुद्र्यांतील अरेषीय लोहचुंबकी अनुनाद.' आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. मथळा मराठी झाला होता, पण मराठी माणसाला तो कळला असता असे छातीवर हात ठेवून सांगवेना.

त्यातला मला सर्वांत खटकला तो 'अरेषीय' हा शब्द. रेषीय म्हणजे त्रैराशिकाला मानणारे. कारण दुप्पट तर कार्य दुप्पट, आलेख काढला तर सरळ रेषा. जे तसे नाही ते अरेषीय. पण हे वर्णन झाले का? फराळाच्या ताटातली करंजी उचलून बाजूला ठेवावी आणि उरलेल्या लाडू, चिवडा, शेव, अनारसे, शंकरपाळे या साऱ्यांना मिळून 'अकरंजी' म्हणावे, त्यातली ही गत! सृष्टीतला बहुतेक कारभार अरेषीयच आहे. सरळ रेषा हाच अपवाद. तेव्हा त्या 'अ'च्या पोटात काय काय दडले आहे ते पाहावे म्हणून मी सहकाऱ्यांना बसवून घेतले. पुढे जे सांगतो आहे ते त्या बैठकींचे आणि नंतरच्या माझ्या वाचनाचे फळ आहे.

आधी अनुनाद. नागपंचमीचा झोका डोळ्यांसमोर आणा. अडीच मीटर लांबीच्या दोराला बांधलेला झोका एक येरझार सुमारे सव्वातीन सेकंदांत करतो. त्याच्या या ठेक्यात तुम्ही धक्के देत राहिलात, तर बोटाने दिलेल्या धक्क्यांनीही तो उंच चढतो. ठेका चुकवून दिलेत, तर पहिलवानाचेही काही चालत नाही. बाहेरच्या ठेक्याशी आतला ठेका जुळणे, याचेच नाव अनुनाद. आमच्या काव्यशास्त्राला ही कल्पना परकी नाही. घंटेचा टोल पडून गेल्यावर मागे घुमत राहणारे अनुरणन हे व्यंग्यार्थाचे उदाहरण म्हणून आनंदवर्धनाने घेतले आहे.

आता चुंबक. लोखंडाच्या प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉनांच्या फिरकीमुळे एक सूक्ष्म चुंबक वसत असतो. हा चुंबक भोवऱ्यासारखा वागतो. फिरता भोवरा किंचित कलला की पडत नाही. त्याचा अक्ष गोल गोल डोलू लागतो. इलेक्ट्रॉनचा भोवराही बाहेरच्या चुंबकी क्षेत्राभोवती तसाच डोलतो आणि क्षेत्र जितके प्रबळ तितका भरभर डोलतो. पृथ्वीचे चुंबकत्व अर्ध्या गाउसच्या आसपास असते. हजार गाउसच्या क्षेत्रात मोकळा इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २८० कोटी वेळा डोलतो. हा ठेका रडारच्या लहरींचा आहे. म्हणजे चुंबकी क्षेत्रात ठेवलेल्या लोखंडावर त्याच ठेक्याच्या लहरी सोडल्या, तर आतले असंख्य भोवरे एकाच तालावर डोलू लागतील आणि लहरींची शक्ती पिऊन टाकतील. याला म्हणतात लोहचुंबकी अनुनाद. लेझमीचे मोठे पथक एकाच हलगीवर एकाच वेळी झुकावे, तसे हे दृश्य समजा. या डोलण्याचे गणित लेव्ह लांडाउ आणि येवगेनी लिफ्शिट्झ या रशियन शास्त्रज्ञांनी १९३५ सालीच मांडून ठेवले होते.

पापुद्र्याची कथा सुरू होते ती १९४६ साली, ऑक्सफर्डला. महायुद्ध नुकतेच संपले होते. रडारसाठी जन्माला आलेली साधने आता प्रयोगशाळांतल्या टेबलांवर आली होती. जे. एच. ई. ग्रिफिथ्स यांनी लोखंड, कोबाल्ट आणि निकेल या धातूंचे पातळ थर घेऊन त्यांवर सूक्ष्म लहरी सोडल्या आणि चुंबकी क्षेत्र हळूहळू वाढवीत नेले. अनुनाद सापडला, पण जिथे सापडायला हवा होता तिथे नाही! हिशेबाने जेवढे क्षेत्र लागावे त्याहून पुष्कळच दुबळ्या क्षेत्रात तो हजर झाला. पुढच्याच वर्षी चार्ल्स किटेल यांनी याचे कारण सांगितले. ते कारण ऐकून साहित्याच्या माणसाला आनंद व्हावा, कारण त्याचे सार असे, की आशयाइतकाच आकारही महत्त्वाचा असतो.

पापुद्र्यातले भोवरे पापुद्र्याच्या पातळीत पडून असतात. डोलताना त्यांचे टोक पातळीबाहेर डोकावले, की पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या अंगावर उत्तर-दक्षिण ध्रुव उमटतात आणि ते टोकाला पुन्हा आत ओढतात. या जादा ओढीमुळे ठेका जलद होतो. ५०० गाउसच्या क्षेत्रात मोकळा इलेक्ट्रॉन सेकंदाला १४० कोटी वेळा डोलला असता. तोच लोखंडाच्या पापुद्र्यात ९०० कोटींच्या वर जातो! धातू तोच, क्षेत्र तेच. केवळ गोळ्याऐवजी पापुद्रा केला एवढ्याने ताल बदलला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे हिचा उपयोग आहे.

इथवर सारे त्रैराशिकाच्या राज्यात चालले होते. लहरींचा जोर दुप्पट केला की भोवऱ्यांचा कल दुप्पट होई. मग जोर आणखी वाढविला तर? हा प्रश्न १९५२ ते १९५४ या वर्षांत हार्वर्ड विद्यापीठात विचारला गेला. निकोलास ब्लोमबर्गन आणि त्यांचे सहकारी डेमन व वांग यांनी चुंबकी द्रव्यांवर चढत्या जोराच्या लहरी सोडून पाहिल्या. हेच ब्लोमबर्गन पुढे १९८१ साली लेसरच्या कामासाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. त्यांना दिसले ते विलक्षण होते. एका मर्यादेपर्यंत सर्व काही सुरळीत चाले. मग अनुनादाचे शिखर एकाएकी खचू लागे आणि पसरट होई. भोवरे अद्याप थोडेसेच कललेले असत. हिशेबाने त्यांना कलायला भरपूर वाव होता, तरी ते पुढे जाईनात. जोर वाढवावा तर तो कुठेतरी गडप होई. शिवाय मुख्य शिखराच्या बाजूला, जिथे काहीही असण्याचे कारण नव्हते तिथे, एक नवेच टेकाड वर आलेले दिसे.

शक्ती कधी नाहीशी होत नाही, हे तर पदार्थविज्ञानाचे पहिले वचन. मग ती जात होती कुठे?

याचे उत्तर पुन्हा झोक्यावरच मिळते. मात्र या वेळी धक्का देणारा मागे उभा नाही. मोठी मुले झोक्यावर उभी राहून तो स्वतःच चढवितात, ते आठवा. दोन्ही टोकांना गुडघे वाकवून खाली बसायचे आणि झोका मध्यावर आला की ताठ उभे राहायचे. एका पूर्ण येरझारीत ही उठबस दोनदा होते. म्हणजे शक्ती घातली जाते दुप्पट ठेक्यात आणि झोका चढतो त्याच्या निम्म्या ठेक्यात! मात्र यात एक अट आहे. झोका अगदी निश्चल असेल तर कितीही उठाबशा काढल्या तरी तो हलत नाही. थोडातरी हेलकावा आधी असावा लागतो. आणि दुसरी अट अशी, की दोराचे घर्षण आणि वारा मिळून जेवढे खातात त्याहून अधिक दर उठबशीला घालावे लागते. त्याहून कमी घातले तर काही होत नाही. थोडे जरी अधिक घातले की झोका वाढत वाढत जातो. या सीमेला आपला 'उंबरठा' हा शब्द किती चपखल बसतो पाहा.

ही दुपटीची आणि निमपटीची गंमत चुंबकाच्याही आधीची आहे. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी थरथरणाऱ्या पात्रातल्या द्रवावर अशा लहरी पाहिल्या, की त्या पात्राच्या निम्म्या ठेक्यात नाचत होत्या. १८५९ साली जर्मनीत मेल्डे यांनी तीच गोष्ट कंपकाट्याला बांधलेल्या दोऱ्यावर दाखविली. आणि १९१२ साली कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या पत्रिकेत, ताण लयीत कमीजास्त करून तार कशी कंप पावत ठेवता येते यावर एक सविस्तर प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक त्या वेळी सरकारच्या हिशेबखात्यात अधिकारी होते. त्यांचे नाव चंद्रशेखर व्यंकट रामन. ज्यांची दिवसाची नोकरी त्रैराशिकावर चालत होती, त्यांनीच फावल्या वेळात ते मोडणाऱ्या तारा छेडाव्यात, हा योग मोठा मौजेचा आहे.

चुंबकातला हा झोका ओळखला तो न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅरी सूल यांनी. १९५७ साली त्यांचा सिद्धान्त प्रसिद्ध झाला. लेझमीचे पथक पुन्हा पुढे आणू. सर्वांनी एकदम झुकणे हा पथकाचा एकच एक नाच नव्हे. ओळींतून लहर जावी तसे, एक ओळ डावीकडे तर पुढची उजवीकडे असेही झुकता येते. चुंबकात अशा बारीक लाटा असंख्य प्रकारच्या असतात. त्यांना फिरकीच्या लाटा म्हणू. त्यांची कल्पना फेलिक्स ब्लोख यांनी १९३० सालीच दिली होती. या लाटा उष्णतेमुळे चुंबकात सदैव अल्पस्वल्प चाललेल्याच असतात. तोच झोक्याचा आधीचा हेलकावा!

आता हलगीचा जोर वाढतो. सारे पथक खूप झुकू लागते. सूल यांनी दाखविले, की या मोठ्या डोलण्याचेच बारीक लाटांच्या खाली झोके होतात. मोठा डोल उठबस करतो आणि लहान लाटा चढतात. त्या जोडीजोडीने चढतात: एक या दिशेला जाणारी, तर दुसरी नेमकी उलट दिशेला, आणि दोघींचा ठेका हलगीच्या निम्मा. बाजूचे ते अनपेक्षित टेकाड याच जोड्यांचे होते. दुसऱ्या प्रकारात मोठ्या डोलाचे दोन हिस्से मिळून हलगीच्याच ठेक्याच्या दोन लाटा जन्माला घालतात. मुख्य शिखर खचते ते यांच्यामुळे. प्रत्येक लाटेला स्वतःचा क्षय असतो. त्या क्षयाहून मिळकत कमी आहे तोवर ती दबून असते. उंबरठा ओलांडला की ती झपाट्याने वाढते आणि वरून येणारी सारी जादा शक्ती ओढून घेते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पथक होते तेवढेच झुकलेले दिसते. उलटसुलट लाटा एकमेकींना झाकून टाकतात.

हे ऐकताना मला राहवेना. सहकाऱ्यांना म्हटले, 'हे तर आम्ही रोज पाहतो!' व्याख्यात्याने आवाज चढविला की वर्गाचे लक्ष काही अंतरापर्यंत वाढते. त्यापुढे आवाज आणखी चढविला तर लक्ष तेवढेच राहते आणि शेवटच्या बाकांवर कुजबूज सुरू होते. ती नेहमी दोघादोघांतच असते आणि तिचे बीज वर्गात आधीपासूनच असते. व्याख्याता समजतो की आपला आवाज अजून कमी पडतो आहे. तो बिचारा आणखी जोर लावतो आणि कुजबुजीला आणखी खाद्य पुरवितो.

पण खरी चकित करणारी गोष्ट याच्या पुढची आहे. हा उंबरठा उंच कशावर अवलंबून? लाटांच्या क्षयावर. द्रव्य जितके निर्मळ, जितके निर्दोष, तितका क्षय कमी आणि तितका उंबरठा ठेंगणा! १९५६ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे बर्तो आणि फोरा यांनी यट्रियम आणि लोह यांचे एक गार्नेट तयार केले. त्याच्या चांगल्या स्फटिकात एकदा डोलू लागलेला भोवरा हजारो फेऱ्या घेतल्यावर थांबतो. चुंबकी द्रव्यांत याच्याइतके शांत द्रव्य विरळा. आणि नेमके हेच द्रव्य मोठ्या जोरापुढे सर्वांआधी त्रैराशिक मोडते. एखादा अंश कलण्याच्या आतच त्यातला मोठा डोल फुटून लाटांत विखुरतो.

रडारच्या आणि दूरसंदेशवहनाच्या यंत्रांत फेराइटचे आणि गार्नेटचे तुकडे बसविलेले असतात. लहरींना एकाच दिशेने जाऊ द्यायचे आणि परत फिरू द्यायचे नाही, असे वाटाड्याचे काम ते करतात. तिथे जोर मोठा असतो आणि उंबरठा ओलांडला की शक्ती वाया जाते, तुकडा तापतो. मग अभियंते काय करतात? गार्नेटमध्ये डिस्प्रोशियम किंवा होल्मियम यांसारख्या विरळ मृद्धातूंचा मुद्दाम अंश मिसळतात. त्यामुळे बारीक लाटांचा क्षय वाढतो, त्या आळशी होतात आणि उंबरठा वर चढतो. मोठ्या जोराला टिकावे म्हणून निर्मळपणा थोडा कमी करायचा! विटाळलेले द्रव्य अधिक सोसते, हे विधान मी एखाद्या कथेत वाचले असते तर लेखकाचा तिरकसपणा म्हणून सोडून दिले असते.

याची दुसरी बाजूही आहे. जिथे दोष दिसला तिथे कोणीतरी गुण शोधून काढतो. रडारचा ग्राहक फार नाजूक असतो. दूरवरून परत आलेली क्षीण लहर ओळखायची तर कान तिखट हवेत, आणि तिखट कानांजवळ कोणी ओरडले तर ते फुटायचे. तेव्हा वाटेत शुद्ध गार्नेट बसवावे. क्षीण लहर उंबरठ्याच्या खाली असते. ती निर्वेध जाते. प्रबळ लहर आली की गार्नेट एका मर्यादेपलीकडे तिला पुढे देतच नाही. जादा शक्ती लाटांत वाटून टाकते. यातही गार्नेटचा पातळ पापुद्रा घेतला तर आणखी एक सोय होते. शेजारशेजारच्या ठेक्यांच्या दोन लहरी एकाच वेळी आल्या, एक प्रबळ आणि एक क्षीण, तर पापुद्रा प्रबळ लहरीलाच दाबतो आणि क्षीण लहरीला जाऊ देतो. सभेत आरडाओरडा करणाऱ्याचा तेवढा आवाज खाली आणून कोपऱ्यातल्या मितभाषी माणसाचे बोलणे ऐकू यावे, अशी ही किमया आहे. आमच्या सभागृहांसाठी असा पापुद्रा निघेल तो सुदिन!

मग उंबरठा टाळून भोवऱ्यांना पुष्कळ कलविणे शक्यच नाही काय? शक्य आहे, आणि इथे आकाराची ती आठवण उपयोगी पडते. पापुद्र्याला त्याच्या पातळीत न चुंबकविता, पातळीशी काटकोनात, उभे चुंबकवावे. अशा पापुद्र्यात सर्वांनी एकदम डोलण्याचा ठेका हाच सर्वांत संथ ठेका ठरतो. बारीक लाटा सगळ्या त्याहून जलद. त्यामुळे मोठ्या डोलाला आपली शक्ती ज्यांच्या पदरी टाकावी अशा त्याच ठेक्याच्या किंवा निम्म्या ठेक्याच्या लाटाच सापडत नाहीत. चोरवाटा बंद होतात आणि डोल वाढत जातो.

म्हणून त्रैराशिक परत गादीवर बसते असे मात्र नाही. आता ते निराळ्या तऱ्हेने मोडते. झोका फार उंच गेला की त्याचा ठेकाच बदलतो. तीस अंशांपर्यंत गेलेल्या झोक्याची येरझार अगदी लहान झोक्याहून पावणेदोन टक्क्यांच्या आसपास लांबते. नव्वद अंशांना ती अठरा टक्के लांबते. उभ्या चुंबकविलेल्या पापुद्र्यात याच्या उलट होते. भोवरे कलले की पापुद्र्याच्या दोन अंगांवरचे ध्रुव दुबळे होतात, त्यांचा विरोध कमी होतो आणि ठेका जलद होतो. म्हणजे ज्या ठेक्यावर तुम्ही धक्के देत होता तो ठेका, तुमच्याच यशामुळे, तुमच्या हातून निसटतो! आलेखातले अनुनादाचे शिखर एका बाजूला कलत जाते आणि किनाऱ्यावर फुटू पाहणाऱ्या लाटेसारखे पुढे झुकते. फिलिप अँडरसन आणि सूल यांनी १९५५ सालीच हे भाकीत केले होते.

या झुकलेल्या शिखराखाली एक चमत्कारिक प्रदेश असतो. तिथे जोर तोच, क्षेत्र तेच, ठेका तोच, तरी उत्तरे दोन: भोवरे थोडेसे कललेले, किंवा पुष्कळ कललेले. दोन्ही उत्तरे बरोबर. यांतले कोणते मिळणार हे तुम्ही त्या ठिकाणी कुठल्या बाजूने आलात यावर ठरते. वरून उतरत आलात तर एक, खालून चढत आलात तर दुसरे. त्रैराशिकाला तीन राशी पुरतात. इथे चौथी काढण्यासाठी पूर्वेतिहासही विचारावा लागतो.

या सगळ्याचे पुढे काय झाले? ज्या लाटांनी हार्वर्डच्या मंडळींना चकविले, त्याच आज संशोधनाचा विषय होऊन बसल्या आहेत. २००६ साली जर्मनीतील म्युन्स्टर येथे सेर्गेई देमोक्रितोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच यट्रियम-लोह-गार्नेटचा पापुद्रा घेतला. तो पाच मायक्रोमीटर जाडीचा होता, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही पातळ. त्याला दुप्पट ठेक्याचे धक्के देऊन त्यांनी फिरकीच्या लाटांचे पीक काढले आणि ते पीक पुरेसे दाट झाल्यावर असंख्य लाटांचे अंश आपण होऊन एकाच तळच्या ठेक्यात गोळा झाले. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्याहून पाठविलेल्या निबंधातून जी कल्पना निघाली, तिचेच हे रूप. अणूंच्या बाबतीत त्यासाठी निरपेक्ष शून्याच्या अगदी लगतची थंडी लागली होती. इथे ते खोलीच्या साध्या तपमानात घडले. विखुरलेले पुन्हा एकत्र आले, आणि तेही कोणी हलगी वाजवून आज्ञा न देता.

इतके सांगून झाल्यावर वाचक तात्पर्याची वाट पाहणार, हे मला ठाऊक आहे. ते समोर दिसतेही आहे. मुलाची एक शिकवणी लावून टक्के वाढले, म्हणून दुसरी लावणारे आणि मग तिसरी लावणारे पालक मला दर वर्षी भेटतात. त्यांना सांगावेसे वाटते, की मुलगा हा विहीर खणणारा गडी नव्हे. घातलेले कुठे गेले म्हणून त्याला धारेवर धरू नका. गेलेले नाहीसे झालेले नाही. ते आत, तुम्हाला न दिसणाऱ्या बारीक लाटांत फिरते आहे. झोपेत बडबडणे, नखे कुरतडणे, पुस्तक उघडे ठेवून खिडकीबाहेर पाहणे, ही त्या लाटांची नावे. आणि मुलगा जितका निर्मळ मनाचा, तितका त्याचा उंबरठा ठेंगणा असेल.

हे सहकाऱ्यांना वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, 'चुंबकाला उंबरठा असतो, म्हणून मुलालाही तसाच असतो? म्हणजे इतके सांगून तुम्ही पुन्हा त्रैराशिकच मांडलेत की!'

त्यांचे म्हणणे सयुक्तिक आहे. उपमा ही साहित्यिकांची त्रैराशिकेच असतात. तीन गोष्टी माहीत असतात आणि चौथी आपण त्यांवरून ओढून काढतो. तेव्हा तात्पर्य मी मागे घेतो. पण पालकांना सांगायचे ते मात्र मागे घेत नाही, कारण त्याला चुंबकाचा आधार लागतच नाही. वीस वर्षे वर्गासमोर उभे राहून ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. चुंबकाने एवढेच केले, की पाहिलेल्या गोष्टीला त्याने एक शब्द दिला. ग्रिफिथ्स, ब्लोमबर्गन आणि सूल यांच्यात मला आवडले ते हेच: उत्तर हिशेबाशी जुळले नाही तेव्हा यांतल्या कोणीही द्रव्यावर राग काढला नाही. हिशेब कुठे संपतो ते त्यांनी नीट मोजले आणि त्यापलीकडे काय आहे ते पाहायला ते वाकले.

यंदाच्या दिवाळीत फराळाला बसताना भास्कराचार्यांना अवश्य स्मरावे. चार पाहुण्यांना इतके लाडू तर आठांना किती, हे त्यांच्याच कृपेने कळते. मात्र एका लाडवाने मुलाचा चेहरा जेवढा उजळतो, त्याच्या दहापट तो दहा लाडवांनी उजळेल अशी अपेक्षा ठेवू नये. उंबरठा बहुधा तिसऱ्या लाडवापाशी असतो.